सार्वजनिक सुरक्षा समिती

सार्वजनिक सुरक्षा समिती : फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात नॅशनल कन्व्हेन्शन या प्रतिनिधिसभेने ६ एप्रिल १७९३ रोजी नेमलेली आणि पुढे फ्रान्सचा सर्व कारभार आपल्या हाती एकवटणारी समिती. परकीय सत्तांशी युद्ध, पश्चिमेकडील व्हांदे भागातील बंड, धान्यटंचाई आणि सेनापती द्यूमूऱ्ये याची फितुरी ही संकटे एकाच वेळी कोसळली असता तिची स्थापना झाली. आरंभी तिचे सभासद नऊ व मुदत एका महिन्याची असून दरमहा सभेची मंजुरी मिळाली तरच तिचा अंमल चालू राहावा, अशी तरतूद होती.

परंतु सशस्त्र जमावाच्या धाकाने २ जून १७९३ रोजी जिराँदिस्त या मवाळ पक्षाचे पुढारी सभेतून काढले गेल्यावर विरोधाचा आवाज क्षीण झाला व ही मासिक मंजुरी केवळ उपचार ठरली. जुलैमध्ये जहाल क्रांतिकारक पुढारी रोब्झपीअर समितीत आला. सप्टेंबरमध्ये संशयितांना कैद करणारा कायदा झाला. आणि लोकमताने संमत झालेली नवी राज्यघटना, शांतता प्रस्थापित होईपर्यंत शासन ‘क्रांतिकारक’ राहील या १० ऑक्टोबरच्या ठरावाने, अंमलात येण्यापूर्वीच तहकूब झाली. समितीतील लष्करी व्यवहार पाहणारा सभासद कार्नो याच्या देखरेखीखाली उभारलेल्या सैन्याने त्या वर्षअखेर तूलाँ बंदर परत घेतले व व्हांदेच्या बंडखोरांची मुख्य फौज मोडली, हे समितीचे निर्विवाद कर्तृत्व होय. तथापि संकट ओसरू लागले तरी तिचे अधिकार वाढतच गेले. क्रांतिविरोधकांचे खटले चालविणाऱ्या ज्या क्रांतिन्यायालयाच्या स्थापनेचा समितीचा आरंभीचा सभासद दांताँ याने स्वतः पुरस्कार केला होता, त्यानेच त्याला एप्रिल १७९४ मध्ये देहान्ताची शिक्षा दिली. आणि १० जूनच्या कायद्याने आरोपीचा वकिलाचा हक्क काढून घेऊन मुक्तता किंवा मृत्यू हे दोनच निकाल शिल्लक ठेवले. या दहशतीच्या काळात न्यायालयीन निवाड्यांनी सुमारे १७,००० माणसे मृत्युमुखी पडली.

अखेर जिवाच्या भीतीने सभेचे सभासद रोब्झपीअरविरुद्ध एकत्र आले व २७ जुलैला त्याला अटक होऊन दुसऱ्या दिवशी त्याचा वध झाला. त्यानंतर सभेने समितीचे एकचतुर्थांश सभासद दरमहा बदलण्याचा नियम केला, ऑगस्टमध्ये तिचे अधिकार मुख्यतः युद्ध व परराष्ट्रव्यवहार एवढ्यांपुरते मर्यादित केले आणि १७९५ मध्ये ती संपुष्टात आली. राष्ट्ररक्षणासाठी असामान्य सत्ता देणे एखादे वेळी अपरिहार्य ठरते. परंतु संकट सरले की नाही, याचा निवाडा ती सत्ता भोगणाऱ्यांवरच सोपविला आणि त्यांना निर्भयपणे नकार देणारी सभा उरली नाही, तर मुदतीचे बंधन कागदावरच राहते व स्वातंत्र्यासाठी उभे राहिलेले शासनच हुकूमशाही बनते.