बसचा जिना

व्यायामाचा इतिहास म्हटला की श्रोत्यांना तालीम आठवते. आम्हांला लंडनची दुमजली बस आठवते. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तिथल्या बसकामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर रोज पाचशेहून अधिक पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. १९५६ साली मॉरिसनी गणवेशांची मापे पाहिली, तो ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मोठ्या! म्हणजे फरक केवळ जिन्याचा नसेल. ही अडचणही त्यांनी छापली, याचे आम्हांला विशेष वाटते.

पायऱ्यांनी होते काय? रक्तवाहिनी सैल पडायला तिचे आतले अस्तर शाबूत लागते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली दाखविले. त्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे पुढे कळले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हे काम मंदावते. चालताना वेगाने घासून जाणारे रक्त त्याला चालना देते. काही आठवडे नियमित व्यायाम केलेल्या रुग्णांच्या वाहिन्या अधिक रुंदावतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

हे आम्ही एका सभेत सांगितले, तेव्हा साखर असलेले एक ड्रायव्हर उठले. “चालायचं कबूल, पण दोन फेऱ्यांमध्ये मिळतात पाच मिनिटं. त्यांत चालू, का चहा घेऊ?” पुढच्या मागणीपत्रकात विश्रांतीच्या वेळेचे कलम आम्ही सर्वांत वर घातले.