आटे नसलेली नळी

आमच्या कोकणातल्या घरी ठासणीच्या बंदुकीचं वय गोष्टीत सांगितलं जाई. थोरल्या आजोबांची गोष्ट अशी : त्यांचे पणजोबा कंपनी सरकारच्या फौजेत शिपाई. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केलं, तेव्हा ते हीच बंदूक खांद्यावर टाकून निसटले आणि घाट उतरून गावी आले. गोष्टीच्या शेवटी आजोबा एक वाक्य हमखास जोडत, "नंतर साहेबानं हिच्या नळीतले आटे खरवडून काढले." बंदूक घेऊन पळाले, तर साहेबाच्या हाती ती पुन्हा लागली कशी? पोरवयात हे विचारण्याची आमची टाप नव्हती.

रानडुकरांपासून भात राखायला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती बंदूक घरात राहिली. निवडणुका आल्या की ठाण्यात जमा व्हायची आणि मतमोजणीनंतर परत यायची. आजोबा गेल्यावर ती नीट पाहायची ठरवली. पहिलं काम त्यांनीच शिकवलेलं : गज नळीत तळापर्यंत सोडायचा, तोंडाशी अंगठ्याने खूण धरायची आणि तेवढाच गज नळीला बाहेरून लावून पाहायचा. तो केप बसवायच्या बोंडापर्यंत पोचला तर आत बार नाही.

घोड्याच्या पट्टीवरचा गंज तेलाने भिजवून पुसला, तेव्हा मुकुट दिसला, त्याच्यापुढे 'टॉवर' ही अक्षरं आणि 1859 हे साल. टॉवर हे कारागिराचं नाव समजून पुष्कळ घरांत फसगत होते. ती लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रखात्याची खूण. तिथे एनफील्ड असतं, तर बंदूक सरकारी कारखान्यात यंत्रावर झालेली ठरली असती. टॉवरच्या बहुतेक बंदुका बर्मिंगहॅमच्या ठेकेदारांनी हातजोडणीने केल्या. एकीचा स्क्रू दुसरीला बसेलच असं नसे, म्हणून जुळणी करणारा आपल्या भागांवर छिन्नीने सारख्या रेघा मारून ठेवी. आमच्या बंदुकीच्या स्क्रूंवर आणि नळीच्या पोटावर त्या जशाच्या तशा आहेत. बनवणाऱ्याचं नाव लाकडावर निघालं, चापाच्या मागे, बारीक अक्षरांत : स्विनबर्न. बर्मिंगहॅमच्या मोठ्या ठेकेदारांपैकी हा एक.

मुकुटही बोलतो. कंपनीच्या काळातल्या बंदुकांवर बहुधा मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह असे. 1858 मध्ये राज्य राणीकडे गेलं आणि सिंह हटला.

पण खरी साक्ष नळीने दिली. 1853 च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीच्या नळीचं भोक 0.577 इंच, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरांहून किंचित जास्त, आणि आत तीन आटे. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत लांबवर सरळ जाते. चरबीच्या काडतुसांवरून जिच्यापायी भडका उडाला, तीच ही रायफल. आमच्या नळीचं भोक साडेसोळा मिलिमीटरांच्या वर भरलं आणि आत बोट फिरवलं तर गुळगुळीत. नेम धरायची उभी होणारी आकडेवाली पट्टीही नाही, नुसता खाच असलेला ठोकळा. बाहेरून मात्र हुबेहूब एनफील्ड. बंडानंतर हिंदी शिपायांसाठी मुद्दाम असा नमुना काढला गेला. सुरुवातीच्या नळ्या आतून मोठ्या केल्यामुळे इतक्या पातळ झाल्या की फुगत, म्हणून पुढे जाड नळी आली. गोऱ्या शिपायाची गोळी दूरवर अचूक जावी आणि काळ्याची जाऊ नये, एवढाच हेतू. त्याच शिपायाने राज्यासाठी मरावं ही अपेक्षा मात्र कायम होती. त्या गुळगुळीत नळीवरून बोट फिरवताना मला आजही चीड येते.

तर निकाल असा : कोल्हापुरात बंड झालं त्या रात्री ही बंदूक तयारच झाली नव्हती. पळून येण्याची गोष्ट तिची नव्हे. आटे काढल्याचं शेवटचं वाक्य मात्र खरं. ते शिपायांच्या तोंडून तीन-चार पिढ्या उतरत आजोबांपर्यंत आलं होतं, आणि तेच आम्हाला कोणी लिहून ठेवायला सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर तिला विटेने, वाळूने घासू नका. अक्षरं एकदा गेली की गेली. तेल लावा, कडेच्या उजेडात फोटो घ्या, आणि घरातलं म्हातारं माणूस तिच्याबद्दल जे सांगेल ते, अशक्य वाटलं तरी, त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.