वीरगळ आणि वळिवडे : हिंसक मृत्यूच्या कालमर्यादेसंबंधी काही विचार

मनुष्याच्या मृत्यूस इतिहासात हिंसेचा परिणाम म्हणून स्थान मिळते ते कोणत्या नियमाने, हा प्रश्न आपल्याकडील इतिहासचर्चेत क्वचितच उपस्थित केला जातो. रणांगणावर पडलेला, फाशी गेलेला किंवा दंग्यात मारला गेलेला मनुष्य हिंसेचा बळी म्हणून नोंदविला जातो. त्याच हिंसेने घरातून उपटून काढलेला, आणि दोन वर्षांनी परमुलखात साथीच्या तापाने मेलेला मनुष्य मात्र आरोग्यखात्याच्या रकान्यात जाऊन बसतो. हा भेद कोठून आला आणि तो कितपत टिकतो, याचा विचार करवीर परिसरातील काही अवशेषांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परिसर हा शब्द येथे अगदी संकुचित अर्थाने घ्यावा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतून निघून पंचगंगेच्या पुलावरून कोल्हापुराकडे येताना, नदी ओलांडल्यावर डाव्या अंगास उचगाव, गांधीनगर आणि वळिवडे ही गावे लागतात. फाउंड्र्यांच्या धुरातून आणि महामार्गाच्या वर्दळीतून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना गांधीनगर म्हणजे कापडाची घाऊक पेठ, एवढेच ठाऊक असते. या दोन-तीन कोसांच्या पट्ट्यात विसाव्या शतकातील दोन महान हिंसाकांडांचे अवशेष एकाच जागी येऊन साठले, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात कोठेही आढळत नाही.

प्रथम जुन्या स्मारकांचा विचार करू. कोल्हापूर जिल्ह्यात वीरगळ विपुल आहेत. करवीर तालुक्यातील बीड या गावी तर ते मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत युद्धप्रसंग किंवा पडलेला वीर, क्वचित त्याच्यामागे गाईंचा कळप. मधल्या चौकटीत अप्सरा त्यास उचलून नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करीत बसला आहे. आणि शिरोभागी चंद्रसूर्य. तळाशी असलेली हिंसा दोन पायऱ्यांत शांत होते. शेजारी सतीशिळा असली, तर तिच्यावर कोपरात दुमडलेला, चुड्याने भरलेला एक हात एवढेच बहुधा दिसते; ज्या स्त्रीचा तो हात, ती शिळेवर पुरती येतही नाही.

या शिल्पामागील तत्त्वविचार परिचित आहे. युद्धात मेलेल्यास स्वर्ग आणि जिंकलेल्यास पृथ्वी, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील युक्तिवाद होय. आणि रणात पडलेल्या शूरास श्रेष्ठ लोक मिळतात असे सैन्यास ऐकवावे, हे कौटिल्यासही ठाऊक होते. वीरगळ म्हणजे हाच सिद्धान्त दगडात उतरलेला. परंतु एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख असतात. आपल्याकडील बहुसंख्य वीरगळ मूक आहेत. वीराचे नाव नाही, गाव नाही, शक नाही. मृत्यूची रीत टिकली आणि मनुष्य हरवला. नावे टिकली ती पुढे पोवाड्याबखरींतून, आणि तीही निवडक. १६६० च्या जुलैत घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर जे पडले, त्यांतील किती जणांची नावे आपणांस सांगता येतील? २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीस प्रतापराव गुजरांबरोबर जे सहा स्वार गेले, त्यांच्याही नावांबद्दल एकवाक्यता नाही. पानिपतच्या संहाराची वार्ता सावकारी सांकेतिक भाषेत पोचली, त्यात सरदार मोती आणि मोहरा झाले आणि सामान्य शिपाई व बुणगे ही मोजदाद न होणारी चिल्लर ठरली. ती भाषा गुप्ततेसाठी होती हे खरे. पण आपल्या ऐतिहासिक वाङ्मयाची मोजण्याची पद्धत तिने नकळत उघड केली.

महाभारतकार येथे आपल्यापुढे गेलेला आहे. स्त्रीपर्वात रणभूमीवर आलेल्या स्त्रिया धडाशी शिर जुळवून पाहतात आणि ते दुसऱ्याच कोणाचे निघते. त्यानंतर धृतराष्ट्र मृतांची संख्या विचारतो. युधिष्ठिर सांगतो ती कोटींतील संख्या अर्थात काव्यातली आहे. परंतु तिच्या पुढेच तो एक निराळी संख्या देतो, ती जे दिसेनासे झाले त्यांची : २४,१६५. आणि ज्यांना कोणी नाही त्यांचेही अंत्यसंस्कार विधिपूर्वक व्हावेत अशी तो आज्ञा करतो. मृत आणि बेपत्ता हे दोन स्वतंत्र रकाने ठेवण्याची ही बुद्धी आपल्या पुढील इतिहासलेखनात का उतरली नाही, याचे नवल वाटते. वीरगळावर बेपत्ता मनुष्यास जागा नाही. त्यास प्रेत लागते.

आता वळिवड्याकडे वळू. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतले. पूर्व भागातून सोव्हिएत सत्तेने फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार लाटांत नागरिकांना सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील अरण्यांत हद्दपार केले. पोलिश निर्वासितांच्या जुन्या गणनेप्रमाणे ही संख्या दहा लाखांच्या वर जाते. सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर जे कागद हाती आले, त्यांवरून ती तीन लाखांच्या थोडी वर येते. या तफावतीवर पुष्कळ वाद झाला आहे आणि तो निरर्थक नाही. मात्र दोन्ही बाजू मोजीत होत्या त्या हद्दपार माणसांना. मेलेल्यांची गणना त्याहून कितीतरी अवघड ठरली, कारण ती माणसे गोळीने मेली नव्हती. थंडी, भूक, लाकूडतोडीचे काम आणि टायफस यांनी ती मेली.

जर्मनीने रशियावर आक्रमण केल्यानंतर, ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारान्वये या लोकांची सुटका झाली. न केलेल्या अपराधाबद्दल त्यांना ‘माफी’ देण्यात आली, हा शब्दप्रयोगही इतिहासकाराने विसरू नये. १९४२ मध्ये सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १,१५,००० लोक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. हिंसेच्या कक्षेबाहेर पाऊल टाकल्यावर, मित्रराष्ट्रांच्या रुग्णालयांत, त्यांतील दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावली. उरलेल्यांपैकी काही मुले नवानगरच्या जामसाहेबांच्या आश्रयाने बालाचडीस आली. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे पाच हजार लोकांची वसाहत उभी राहिली. संस्थानचे राजे त्या वेळी अल्पवयीन होते आणि कारभार रीजन्सीच्या हाती होता.

या वसाहतीत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. बराकींच्या ओळी, शाळा, चर्च, रुग्णालय, बालवीर पथके, नाटके, असा तो गाव होता. आपल्याकडे या वसाहतीचे स्मरण झालेच, तर आदरातिथ्याची कथा म्हणून होते. ती कथा खोटी नाही, आणि कोल्हापूरकरांनी तिचा अभिमान बाळगावा हेही योग्यच. परंतु त्या कथेत पुरुष कोठे होते हा प्रश्न दडपला जातो. काही अँडर्स यांच्या सैन्यात होते. काहींचे उत्तर निराळे होते. १३ एप्रिल १९४० ची हद्दपारी ही मुख्यतः अटकेतील आणि युद्धबंदी पुरुषांच्या कुटुंबांची होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ते पुरुष कातीन व अन्य ठिकाणी गोळ्या घालून मारले जात होते. त्या हत्याकांडात सुमारे २२,००० माणसे मारली गेली. कातीनच्या अरण्यातील प्रेतांची वार्ता जर्मनांनी १३ एप्रिल १९४३ रोजी जाहीर केली. म्हणजे वळिवड्याची वसाहत उभी राहिली त्या वर्षापर्यंत अशा कुटुंबांतील स्त्रियांना आपण पत्नी आहोत की विधवा, हे ठाऊक नव्हते. आणि जाहीर झाल्यावरही सर्वांची नावे कळली नाहीत. ज्या भूमीत सतीशिळेवरील हाताने पतीच्या मृत्यूची ग्वाही दिली, त्याच भूमीत या स्त्रिया अशा मृत्यूची वाट पाहत होत्या ज्याचा दिवस, स्थळ आणि मारेकरी यांपैकी काहीच निश्चित नव्हते.

१९४५ च्या याल्टा परिषदेनंतर त्यांची गावेच सोव्हिएत हद्दीत गेली आणि परतीचा प्रश्न मिटला. १९४७-४८ मध्ये वसाहत रिकामी झाली. बहुतेक लोक इंग्लंड व अन्य देशांकडे गेले. थोडेच पोलंडला परतले. जे कोल्हापुरात मेले, त्यांच्या कबरी कोल्हापुरातच आहेत. वीरगळाशी त्यांची तुलना करून पाहावी. वीरगळास नाव नाही, पण मृत्यूचे कारण आहे; या कबरींस नाव आहे, पण ते मरण ज्या घटनेत सुरू झाले, ती येथून हजारो मैल दूर घडलेली.

१९४० च्या डिसेंबरात आणि पुढील जानेवारीत, म्हणजे हद्दपारी चालू असतानाच, सिमोन व्हेल या फ्रेंच विदुषीचा ‘इलियड’वरील निबंध मार्सेय येथील नियतकालिकात टोपणनावाने प्रसिद्ध झाला. बळ मनुष्यास वस्तू बनविते, आणि अखेरच्या मर्यादेस प्रेत बनविते, हा त्यातील विचार बराच उद्धृत होतो. त्याहून महत्त्वाचा विचार पुढचा आहे : जे बळ अद्याप मारीत नाही, केवळ डोक्यावर टांगलेले राहते, तेही जिवंत मनुष्याची वस्तू करू शकते. होमराच्या याचकांविषयी आणि गुलामांविषयी तिने हे म्हटले. हद्दपारांच्या गाड्यांतील माणसांस ते अधिकच लागू पडते.

येथे एक आक्षेप संभवतो. हिंसेची व्याख्या अशी ताणू लागलो, तर थांबावयाचे कोठे? योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये ‘संरचनात्मक हिंसा’ ही कल्पना मांडली. तिच्या आधारे टाळता येण्याजोगे प्रत्येक मरण हिंसेच्या खात्यावर घालता येते. माझ्या मते इतिहासकारास ही व्याख्या फारशी उपयोगाची नाही. सर्वच हिंसा ठरले, तर मारेकरी सापडत नाही. त्यापेक्षा कायद्याचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. आघात झाल्यापासून वर्ष आणि एक दिवस एवढ्या अवधीत मृत्यू झाला तरच तो मनुष्यवध, असा इंग्रजी कायद्याचा शतकानुशतके नियम होता. कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याची साधने दुबळी होती, म्हणून ही मर्यादा. ती साधने सुधारल्यावर १९९६ मध्ये तो नियम रद्द झाला. आपण इतिहासकार मात्र ‘वर्ष आणि एक दिवस’ तर सोडाच, ‘त्याच दिवशी’ हाच नियम अजून पाळीत आहोत. आघात कोणी केला हे दाखविता येते, आघातापासून मृत्यूपर्यंतची साखळी कागदांनी जोडता येते, तर तो मृत्यू त्या हिंसेचाच समजावा. साखळी जोडता येत नसेल, तर समजू नये.

या कसोटीची खरी परीक्षा पोलंडच्या उदाहरणाने होत नाही. परक्याच्या अपराधाविषयी आपण सहज न्यायनिष्ठुर होतो. पोलिश लोक वळिवडे सोडीत होते, त्याच सुमारास, ३० जानेवारी १९४८ रोजी, महात्मा गांधींची हत्या झाली. मागोमाग कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटविला गेला. प्राणहानीच्या मानाने गृहदाह फार मोठा होता, आणि म्हणूनच इतिहासग्रंथांत हे प्रकरण एका वाक्यात आटोपते. त्याची दखल घेतली ती वाङ्मयाने. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी १९६४ मध्ये आली. गाव सोडून शहरात गेलेल्यांच्या पुढील आयुष्याचा, आणि त्यांच्या मरणाचा, हिशेब मांडण्याचे काम इतिहास विभागांनी कादंबरीकारावर सोपविले असे म्हणावे लागते. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच आजोबांच्या पिढीकडून हे घडले, हे त्याचे एक कारण असावे.

वळिवड्याच्या रिकाम्या झालेल्या बराकींत त्याच वर्षी सिंधमधील निर्वासित आले आणि वसाहतीस त्या हत्या झालेल्या महापुरुषाचे नाव मिळाले. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंग्यानंतर सिंधी हिंदूंच्या निर्गमनास वेग आला होता. एकंदर दहा लाखांहून अधिक लोक सिंध सोडून भारतात आले. फाळणीच्या इतिहासात पंजाबची कत्तल प्रकरणेच्या प्रकरणे व्यापते आणि सिंधविषयी, तेथे तुलनेने रक्तपात झाला नाही, असे सांगून लेखक पुढे जातात. विधान खरे आहे. पण येथेही मोजदाद प्रेतांचीच झाली. घर, भाषा आणि नदी गमावून बराकींच्या एका खोलीत जे वृद्ध मेले, ते कोणत्याच रकान्यात नाहीत. पोलिशांची निदान दफनभूमी आहे. सिंधी समाज दहन करणारा, म्हणून त्यांचे एवढेही चिन्ह उरले नाही. त्यांच्याविषयी शोध घ्यावयाचा तर पुनर्वसनखात्याची दप्तरे, ग्रामपंचायतीच्या जन्ममृत्यूच्या वह्या आणि गांधीनगरातील घराघरांतील आठवणी हीच साधने होत. आणि शिरोलीच्या पुलापासून ती फार दूर नाहीत.

कातीनच्या हत्याकांडाची जबाबदारी सोव्हिएत सरकारने मान्य केली ती १३ एप्रिल १९९० रोजी. वळिवड्याची वसाहत मोडून त्या वेळी बेचाळीस वर्षे झाली होती.