किशोर भयपटांतील बदलते चेहरे

मुखवटाधारी मारेकरी आणि त्याच्या सुऱ्याला एकामागून एक बळी पडणारी किशोरवयीन मुले-मुली, हे अमेरिकेतील ‘स्लॅशर’ भयपटांचे ठरलेले कथानक आहे. जॉन कार्पेंटर यांच्या ‘हॅलोवीन’च्या (१९७८) यशानंतर हा प्रकार रुजला. शेवटी जिवंत राहणाऱ्या नायिकेला अभ्यासक कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये ‘फायनल गर्ल’ असे नाव दिले. ही नायिका बहुधा गोरी असे. कृष्णवर्णीय पात्रे असलीच तर मित्रमंडळींपुरती, आणि तीही फार काळ टिकत नसत.

वेस क्रेव्हन यांच्या ‘स्क्रीम २’ने (१९९७) ही तक्रार थेट पडद्यावर मांडली. भयपटांत कृष्णवर्णीयांना स्थान नसते, असे जेडा पिंकेट यांची व्यक्तिरेखा चित्रपटगृहात बोलून दाखवते. थोड्याच वेळात, मित्रापाठोपाठ तिचाही खून होतो. उपरोध मार्मिक होता. पात्र मात्र वाचले नाही. पुढच्याच वर्षी ‘आय स्टिल नो व्हॉट यू डिड लास्ट समर’मध्ये गायिका ब्रँडी यांनी साकारलेली तरुणी अखेरपर्यंत जिवंत राहिली.

ले जानियाक यांच्या ‘फिअर स्ट्रीट’ चित्रपटत्रयीत (२०२१) दोन मुलींमधील प्रेम कथेच्या केंद्रस्थानी आले. टिम स्टोरी यांच्या ‘द ब्लॅकनिंग’मध्ये (२०२२) तर संकटात सापडलेली सर्वच मित्रमंडळी कृष्णवर्णीय आहेत. त्यांच्यापैकी ‘सर्वाधिक कृष्णवर्णीय’ कोण, हे त्यांनीच ठरवून त्याचा बळी द्यावा, अशी मारेकऱ्याची अट असते.