कुंकवाची डबी आणि 'त्यात काय मोठंसं?'

डिचोलीत आमच्या शेजारी एक काका राहतात. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये ते फिटर होते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी घरामागच्या पडवीत एक जुना लेथ बसवला आणि लाटणी, पोळपाट, पाळण्याचे खांब अशी मिळतील ती कामे करू लागले. एका चतुर्थीच्या आधी ते आमच्याकडे आले आणि खिशातून लाकडाची एक छोटी डबी काढून त्यांनी आमच्या हातावर ठेवली. कुंकवाची डबी. झाकण अर्धा फेरा फिरवले की वरच्या खळग्यात चिमूटभर कुंकू येई आणि बाकीचे आत बंद राही. पर्समध्ये उलटी पडली तरी कुंकू सांडत नसे.

"भाऊ, तुम्ही डिप्लोमावाले, त्यात सरकारी खात्यातले. याचं पेटंट मिळेल का?" काकांनी विचारले.

आम्ही डबी दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणालो, "काका, पावडरच्या डब्याचं झाकणही फिरतंच की. त्यात काय मोठंसं? हे कुणालाही सुचेल."

काका हसले. डबी खिशात गेली. विषय संपला.

जो निकाल आम्ही चहा पिता पिता दिला, त्याच्या कसोट्या ठरवण्यात न्यायालयांची शंभराहून अधिक वर्षे गेली आहेत हे आम्हाला नंतर कळले. एका कार्यालयीन कामासाठी पेटंट कायद्याचे पुस्तक चाळावे लागले, आणि मग ते सोडवेना. हा लेख त्या वाचनातून आला आहे, आणि थोडा काकांच्या ऋणातून.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. आमचे आजोळ पेडण्याचे. पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले, त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांचे. राज्य बदलले, पण बाजाराची वाट बदलली नाही. रंगीत पाट, पाळणे, करंडे सावंतवाडीच्या चितारआळीतूनच येत राहिले. आमच्या आजीची फणेरपेटी तिकडचीच. झाकण उघडले की आत आरसा. खाली लहानमोठे कप्पे. एकात फणी, एकात मेणाची डबी, एकात कुंकवाचा करंडा. आधी कपाळावर मेणाचा गोल ठिपका, मग त्यावर कोरडे कुंकू. नटण्याचे सगळे सामान एका पेटीत, आणि पाहायला आरसा झाकणातच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या बायका घराबाहेर पडताना पावडरची चपटी डबी सोबत नेऊ लागल्या. तिच्याही झाकणात आरसा असे. अडचण एकच होती, सुटी पावडर पर्समध्ये सांडायची. मग कुणी आत जाळी बसवली, कुणी सरकते झाकण केले, कुणी पावडर दाबून तिची वडीच केली. अशा डब्यांवर तिकडे पुष्कळ पेटंटे निघाली. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. गोव्यात तर १९५५ नंतरच्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात परदेशी मालाने दुकाने भरली होती. त्यात पावडरचे देखणे डबेही असत, आणि पावडर संपली तरी ते डबे घराघरांत सुया-दोरे ठेवायला राहत.

आता समजा, एखादा म्हणाला की झाकणात आरसा बसवणे हा माझा शोध आहे. आमच्या आजीची पेटी त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. पण पावडर सांडू नये यासाठी काय केले, असे त्या पेटीला विचारले तर तिच्याकडे उत्तर नाही, कारण ती फळीवरून कधी हललीच नाही. पर्समधून फिरणाऱ्या डबीची अडचण नवी होती. म्हणजे पेटी जुनी आहे एवढ्यावरून तिच्यापुढची प्रत्येक डबी जुनी ठरत नाही.

कायद्याला हा फरक उमगायला वेळ लागला. व्हेनिसचा १४७४ चा कायदा किंवा इंग्लंडचा १६२४ चा कायदा मुख्यतः एवढेच पाहत असे की वस्तू नवी आहे का. पण नव्यातही प्रकार असतात. १८५१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर दाराच्या मुठीचा खटला आला. मुठी पूर्वी लाकडाच्या, धातूच्या होत्या. अर्जदाराने त्या भाजलेल्या मातीच्या केल्या, आणि आतला दांडा बसवण्याची पद्धत जुनीच ठेवली. न्यायालय म्हणाले, नुसती वस्तूची जात बदलली, हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. आमच्या डिचोलीच्या कुंभारांना हा निकाल लगेच पटला असता. मातीचे काय काय करता येते हे त्यांना कुणी शिकवायला नको.

पुढे हा लंबक फार दूर गेला. १९४१ साली मोटारीतल्या सिगारेट पेटवण्याच्या साधनाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शोधात प्रतिभेची चमक दिसली पाहिजे असे म्हटले. ही चमक मोजायची कशी? वर्षानुवर्षे घासून शोध लावणाऱ्याला ती नसते काय? म्हणून १९५२ च्या अमेरिकी कायद्याने स्पष्ट केले की शोध कसा सुचला याला महत्त्व नाही. त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला तो उघड वाटला असता का, एवढेच पाहायचे.

१९६६ साली याच प्रश्नावर एक निकाल आला आणि त्यातली एक वस्तू आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर बोटाने दाबायचा फवारा असे. वाहतुकीत बाटल्या गळत. एका संशोधकाने फवारा दाबून धरणारी टोपी केली, आणि गळती थांबली. टोपीचा खप मोठा झाला. तिच्या बाजूने सांगितले गेले की गरज जुनी होती, इतरांचे प्रयत्न फसले होते. तरीही न्यायालयाने पेटंट रद्द केले. जुन्या टोप्यांपासूनचा फरक फारच थोडा होता. आणि प्रतिपक्षाने दाखवलेली एक जुनी टोपी द्रव ओतायच्या तोटीची होती, तरी न्यायालयाने ती जमेस धरली. अडचण बाटली बंद करण्याची असेल, तर शेजारच्या धंद्यातली बुचेही पाहिलीच पाहिजेत.

या निकालाने विचाराचा क्रम घालून दिला. आधी काय काय होते ते शोधा. नव्या वस्तूत आणि त्यात नेमका फरक कोणता ते लिहा. त्या धंद्यातल्या साधारण जाणकाराची पातळी ठरवा. मगच, तो फरक त्याला सहज सुचला असता का हे विचारा. जुनी गरज, इतरांचे अपयश, बाजारातले यश ही जोडीची साक्ष.

क्रम का लागतो? लहानपणी आजी आम्हाला कोडी घालायची. उत्तर येईपर्यंत डोके खाजवायचे, आणि उत्तर कळले की सगळी पोरे ओरडायची, "हात्तिच्या!" कोडे सोपे नव्हते, उत्तर हातात आल्यावर सोपे झाले. वस्तू हातात घेऊन तिच्याकडे पाहणाऱ्याचे असेच होते. म्हणून न्यायाधीशाने उत्तर बाजूला ठेवून कोडे पडले त्या दिवसापर्यंत मागे जायचे असते.

आपल्याकडे पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा, मग १९११ चा. स्वतंत्र भारताचा कायदा १९७० सालचा, तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. आणि 'उघड' म्हणजे काय यावरचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल डिसेंबर १९७८ चा आहे. तो भांड्यांचा आहे! मिर्झापूरच्या एका पितळी व जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांच्या कारखान्याने भांडी लेथवर घट्ट धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट घेतले होते. जुन्या रीतीत भांडे चिकटवून फिरवत, आणि ते उडून कारागिराला लागण्याची भीती असे. साधन उपयोगी होते यात शंका नव्हती. पण न्यायालयाने पाहिले की लेथच्या मागच्या टोकाने दाब देऊन वस्तू धरणे ही गोष्ट कारखान्यांना आधीपासून ठाऊक होती. नेहमीच्या कारखानी सुधारणेहून अधिक काही हवे, असे सांगून पेटंट अवैध ठरवले गेले. २००५ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातच लिहिले आहे की शोधात आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, अथवा दोन्ही असावे, आणि तो जाणकाराला उघड वाटणारा नसावा.

'जुने आहे' हे सिद्ध करायलाही पुरावा लागतो, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या माशेलच्या सुपुत्राने घालून दिले. हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते दावे फेटाळले गेले. तिथे 'आमची आजी हळद लावायची' एवढे सांगून भागले नसते. जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक छापील वैद्यकीय लेख पुढे ठेवावा लागला.

एवढे वाचून झाल्यावर आम्ही एका रविवारी काकांच्या पडवीत गेलो आणि म्हणालो, "काका, ती डबी पुन्हा दाखवा. या वेळी आधी तुम्ही बोला, आम्ही ऐकतो."

काका बोलू लागले. फिरते झाकण त्यांना पहिल्याच दिवशी सुचले होते. पण पावसाळ्यात कुंकू ओलावा धरते, त्याच्या गुठळ्या होतात आणि खळगा भरतच नाही. पाच महिने त्यांनी नमुने फेकले. शेवटी खळग्याच्या कडा तिरक्या केल्या आणि खालच्या तबकडीवर एक बारीक उंचवटा ठेवला. झाकण फिरताना तो उंचवटा गुठळी फोडतो. टाल्कमची पावडर अशी चिकटत नाही, म्हणून त्या डब्यात याची गरजच नसते.

आम्ही गप्प झालो. पहिल्या दिवशी आम्ही झाकण पाहिले होते, आणि झाकण खरोखरच जुने होते. शोध, असलाच तर, त्या तिरक्या कडेत होता, आणि तिच्याबद्दल आम्ही काही विचारलेच नव्हते. न्यायालयात तो टिकला असता का? कदाचित नसता. धान्य-मसाल्यांच्या यंत्रांत गुठळी फोडायचे प्रकार आहेतच, आणि बाटलीच्या टोपीचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. पण प्रश्न निदान नीट विचारला गेला असता.

आता तो विचारून उपयोग नव्हता. आमच्या उत्तरानंतर काकांनी पेटंटचा नाद सोडला आणि काकूंनी सलग दोन वर्षे हळदीकुंकवाला त्याच डब्या वाण म्हणून वाटल्या. अर्जापूर्वी वस्तू लोकांच्या हातात गेली की तिचे नवेपण संपते. डबीच्या बाह्य आकाराची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली वेगळी होते. आधी १० वर्षे, मग आणखी ५. साध्या वाटणाऱ्या वस्तूलाही हे संरक्षण मिळू शकते. पाण्याच्या एका प्लास्टिकच्या बाटलीच्या आकारावरून २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने नक्कल करणाऱ्याला अंतरिम मनाई केली होती. पण तिथेही अट तीच, आधी प्रसिद्ध झालेले नको. प्रदर्शनाची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती. चतुर्थीचा बाजार त्यात येत नाही.

आम्ही काकांना हे सगळे सांगितले. चूक आमची होती, तेही सांगितले. ते म्हणाले, "भाऊ, डब्या बायकांना आवडल्या ना? मग झालं." काकू मात्र म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी विचारून मग हसा."

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात, वाड्यावर कुणी काही नवे करून दाखवले तर आमच्यासारखे करू नका. त्याला विचारा, अडचण काय होती, आधी काय काय करून पाहिले, नेमके कुठे अडले. वहीत तारीख घालून लिहून ठेवायला सांगा. वस्तू वाटण्याआधी अर्ज करता येतो. सुरुवातीला कच्चे विवरण देऊन पुढे १२ महिन्यांत पूर्ण विवरण देण्याची सोय आहे. गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात, ऑनलाइन करता येतात, आणि एकट्या माणसाला सध्या अर्जाचे सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे. पेटंट मिळेलच असे नाही. पण 'त्यात काय मोठंसं' हा निकाल तपासणी झाल्यावर यावा, आधी नको.

काकांच्या लेथवर सध्या दुसरा नमुना चढला आहे. या वेळी कुंकू नाही, अष्टगंध आहे. तो कसा आहे ते आम्हाला ठाऊक आहे, पण या अंकात सांगणार नाही. अर्ज अजून व्हायचा आहे.