पाखरांचे दप्तर

एखादे पाखरू दिसले आणि उडून गेले, यात इतिहास तो कसला, असे कुणी विचारील. ना तेथे लढाई, ना तह, ना सनद. पण वाचकहो, इतिहास म्हणजे नुसते घडून गेलेले नव्हे. घडले ते कुणी लिहून ठेवले, कोणत्या दिवशी लिहिले आणि ते कागद कुठे जपले, यावर इतिहास उभा राहतो. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत, ती याचसाठी. बखरीत रस पुष्कळ असतो, पण निकाल लागतो तो तारीखवार कागदावर. पाखरांच्या बाबतीतही अगदी हेच आहे. "आमच्या लहानपणी खाडीवर काय पाखरं असायची!" ही झाली बखर. अमुक तिथीला, अमुक ठिकाणी, अमुक जातीचे इतके पक्षी पाहिले, हा झाला अस्सल कागद. असे कागद आपल्याकडे कसे जमू लागले आणि त्यात मुंबईच्या उपनगराचा, विशेषतः अंधेरीचा, हात किती, ते आज पाहू.

प्रथम वर्सोव्याला चला. अंधेरी स्टेशनाहून पश्चिमेला निघाले की रस्ता संपतो तो कोळीवाड्यापाशी. समोर खाडीचे मुख, पलीकडे मढ, मध्ये तरीची ये-जा. बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि त्यांच्यावर कावळ्या-घारींची नजर असते. हिवाळ्यात या किनाऱ्यावर पाहुणे येतात. कुरव, सुरय, तुतवार, चिखल्या. लडाख-तिबेटच्या पठारावरून, मध्य आशियातून आणि त्याहूनही लांबून हे पक्षी थंडीसाठी आपल्या किनाऱ्याला येतात आणि उन्हाळा चढू लागला की परततात.

वसंत ऋतू म्हटला की आपल्याला कोकिळ आठवतो. तोही ओरडतोच, शिवाय दयाळ पहाटे गाऊ लागतो, तांबटाची टकटक दुपारभर चालते, शिंजीर घरटे विणू लागतो. पण किनाऱ्यावरचा वसंत निराळा असतो. कोळीवाड्यात शिमगा होऊन गेला की कुरवांकडे नीट पहा. हिवाळाभर ज्यांचे डोके पांढुरके होते, कानामागे तेवढा काळसर ठिपका होता, त्यांची डोकी गडद होऊ लागतात. छोट्या चिखल्याची मळकी छाती तांबूस होते. लग्नघराला निघण्याआधी नवी वस्त्रे ल्यावीत, तसा हा प्रकार. घर लांब आहे, विणीचा हंगाम थोडा आहे, म्हणून तयारी येथूनच सुरू होते. आणि मग एके दिवशी थवा जातो. कोणत्या दिवशी? ज्याने लिहून ठेवले, त्यालाच हे सांगता येईल.

पाखरांची नोंद ठेवण्याची ही खटपट आपल्याकडे नेटाने सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. ॲलन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे ऐकतो. पण हे सरकारी अंमलदार पक्षिशास्त्राचे मोठे व्यासंगी होते. १८७२ साली त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक काढले. देशभर विखुरलेले अधिकारी, डॉक्टर, लष्करी लोक त्यांना पत्रे लिहीत आणि ह्यूम ती तपासून छापीत. पुढे १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. १८८६ पासून सोसायटीचे जर्नल निघू लागले. त्यात मोठ्या लेखांबरोबर लहान टिपणेही असत. अमक्याने तमक्या गावी हा पक्षी पाहिला, एवढीच ती हकीकत. पण आज संशोधक तीच टिपणे धुंडाळतात.

त्या काळची एक अडचण मात्र ध्यानात घ्या. पक्षी नुसता पाहिला म्हणून भागत नसे. तो मारून, त्याचे कातडे भरून पुढे ठेवावे लागे. पुरावा म्हणजे कातडे, आणि लेखणीच्या आधी बंदूक. साहजिकच हा उद्योग साहेबांचा, संस्थानिकांचा आणि शिकाऱ्यांचा राहिला. शाळामास्तराने किंवा कारकुनाने त्यात पडावे कसे?

ही वाट रुंद केली ती पुस्तकांनी. साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड एटकेन हे या सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी एक. 'इहा' या टोपणनावाने ते लिहीत. १९०० साली त्यांचे मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. रोज खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्या-घारींबद्दलही लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, हे त्यात वाचकाला दिसले. त्यानंतर आले सलीम अली. १८९६ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा, त्याने छऱ्याच्या बंदुकीने मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी आणि ती ओळखून घेण्यासाठी सोसायटीच्या दारात टाकलेले पाऊल, ही गोष्ट आपण वाचलेली असेल. पण आपल्या विषयाला जवळची आहे ती पुढची गोष्ट. १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची वसाहत दिवसेंदिवस बसून पाहिली. नर घरटी विणतो, माद्या ती पारखून घेतात आणि एकच नर एकामागून एक घरटी बांधून एकाहून अधिक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी नोंदवले. यात बंदुकीचे काही काम नव्हते. धीर, डोळे आणि वही एवढ्यावर ते शास्त्र उभे राहिले.

१९३६ पासून सलीम अली आणि हुमायून अब्दुलअली या दोघांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये मुंबई आणि साष्टी यांच्या पक्ष्यांची यादी क्रमशः प्रसिद्ध केली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून उत्तरेला पसरलेले बेट. अंधेरी, वर्सोवा, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर सारे त्यात आले. तेव्हा या भागात भातशेती, मिठागरे आणि ताडा-माडांच्या वाड्या होत्या. आज तेथे सिमेंटच्या इमारती आहेत. पूर्वी काय होते हे ठरवायचे झाले तर ती यादी हेच आपले दप्तर. १९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि पक्षी मारल्यावाचून ओळखण्याची सोय घरोघर झाली. त्याच वर्षापासून १९८५ पर्यंत ते वेळोवेळी आकाशवाणीवरूनही पक्ष्यांविषयी बोलत राहिले.

आता येऊ अंधेरीकडे. पुस्तकाने पक्षी ओळखता आला. पण पाहिलेले सांगायचे कुणाला? सोसायटीचे जर्नल पडले विद्वानांचे. तेथे आपले चार ओळींचे टिपण पाठवायला नवखा माणूस बिचकणारच. ही उणीव भरून काढली झफर फतेहअली यांनी. १९६० च्या सुमारास त्यांनी 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' नावाचे एक लहानसे मासिक सुरू केले. ते निघे अंधेरीच्या जुहू लेनमधून, वर्सोव्याच्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हे. मासिक तरी कसले, सायक्लोस्टाइल केलेली काही पाने! पण देशाच्या कानाकोपऱ्यातून त्याला पत्रे येत. पाहुणे पक्षी आले कधी, गेले कधी, घरटे कुठे बांधले, पिलांना काय भरवले, असा मजकूर. थोर पक्षितज्ज्ञांचे टिपण आणि नव्याने दुर्बीण घेतलेल्या हौशी माणसाचे टिपण एकाच अंकात शेजारी बसे. चूक असली तर पुढच्या अंकात कुणी दुरुस्त करी. पाखरांच्या दप्तराला या मासिकाने गावोगाव कारकून मिळवून दिले, असे म्हटले तरी चालेल.

फतेहअली एवढ्यावर थांबले नाहीत. १९६२ ते १९७३ ते सोसायटीचे मानद सचिव होते. १९६९ साली जागतिक वन्यजीव निधीची भारतीय शाखा उभी राहिली, तीतही त्यांचा पुढाकार होता. पुढे ते बंगळूरला राहावयास गेले, तरी मासिकाचे काम सुटले नाही. २०१३ साली त्यांचे निधन झाले. दुसऱ्या वर्षी निघालेल्या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला दयाळाच्या गाण्याचे नाव आहे. आपल्या परसात वसंतात गाणारा तोच हा दयाळ.

"हे सगळं खरं, पण या टिपणांनी साधलं काय?" असे आपण विचाराल. याचे उत्तर गिधाडांनी दिले आहे. एके काळी गिधाड इतके सर्रास होते की त्याची नोंद कोण करतो! पण राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात सोसायटीच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदीच्या मध्यावर पुन्हा मोजली, तो संख्या झपाट्याने उतरलेली. जुना आकडा हाताशी होता, म्हणून हा उतार नुसता वहीम राहिला नाही, पुरावा झाला. मग कारणाचा शोध सुरू झाला. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून देत त्या डायक्लोफेनॅक औषधाने, ते जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणारी गिधाडे मरत होती, हे २००४ साली उजेडात आले. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली गेली. तोवर बहुतेक गिधाडे गेली होती. पण मोजदाद नसती, तर उरलेलीही निमूटपणे गेली असती. म्हणून सांगतो, कावळा-चिमणी-घार यांना नेहमीचे म्हणून वहीतून वगळू नका. काल गिधाडही नेहमीचेच होते.

आज हे दप्तर फार मोठे झाले आहे. पोस्टकार्डाची जागा खिशातल्या फोनने घेतली आहे. २०२३ साली देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा विचार केलेला आहे. त्यामागे सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी आहेत. १७८ जातींकडे तातडीने लक्ष दिले पाहिजे, असे त्यातून निघाले. या तीस हजारांतले बहुतेक लोक पोटासाठी दुसरेच काही करणारे आहेत. अंधेरीच्या सायक्लोस्टाइल पानांवर जी रीत रुजली, तिचाच हा विस्तार.

वर्सोव्याला तर या कामाची निकड अधिक आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तेथे लोकांनी किनारा साफ करावयास घेतला, कचऱ्याचे डोंगर हलविले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून कासवाची पिले समुद्राकडे गेली. ती हकीकत वर्तमानपत्रांत आली आणि तारखेनिशी टिकली. खाडीकाठच्या तिवरांना २००५ व २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालांनी संरक्षण मिळाले आहे. पण शहराची भूक मोठी. वर्सोव्याहून उत्तरेकडे जाणारा किनारी रस्ता आखला गेला आहे, आणि त्याच्या वाटेत तिवरे आहेत. रस्ता हवा की नको, हा वाद येथे नको. पण अशा वेळी एक प्रश्न हटकून पुढे येतो: या जागी होते तरी काय? त्याला "पुष्कळ पाखरं होती हो!" हे उत्तर चालत नाही. कधी, कुठे, किती, हे दाखवावे लागते. त्यावेळी जुनी वही काढून देणारा माणूस लागतो. ऐन वेळी तशी वही तयार करता येत नाही.

तेव्हा येत्या वसंतात एवढे करून पहा. ओहोटीची वेळ साधा, कारण चिखल उघडा पडला म्हणजेच चिखल्या-तुतवार चरायला उतरतात. पंचांग घरात असेलच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळपणे निघते, हा कोकणातला जुना हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, पुनवेला दुपारी बाराच्या आगेमागे. म्हणजे पुनव-अमावास्येची सकाळ ओहोटीची, तीच पाहण्याला चांगली. वहीत तारीख, वेळ, जागा, भरती-ओहोटी, पक्ष्याची जात आणि संख्या लिहा. जात ओळखता आली नाही तर वर्णन लिहा. उगाच नाव ठोकून देऊ नका. मोजता आले नाही तर 'अंदाजे' हा शब्द घाला. घरट्याजवळ गर्दी करू नका आणि घरट्याची नेमकी जागा गावभर सांगत सुटू नका. आणि कुरव गेल्यावरही आठवडाभर जात रहा. 'आज एकही दिसला नाही' ही ओळसुद्धा नोंदच आहे. शेवटचा थवा केव्हा गेला, ते तिच्यावरूनच ठरते.

कोळीवाड्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या मावशींना किंवा तांडेलाला जाऊन विचारा. कुठल्या वाऱ्यावर कोणते पाखरू येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. ते मोकळेपणी सांगतील. त्यांचे सांगणे त्यांच्या शब्दांत, त्या दिवसाची तारीख घालून उतरून घ्या. मग आपली वही शेजाऱ्याला दाखवा, त्याची पहा. दोघांच्या नोंदी जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर पुढच्या ओहोटीला दोघांनी मिळून जावे.