आयनांचा मारा आणि वाळूसारखी नक्षी: हे नेमकं घडतं कसं?

रत्नागिरीच्या भाट्ये बीचवर ओहोटीला गेलात, तर ओल्या वाळूवर समांतर लाटांची नक्षी दिसते. अशीच नक्षी सिलिकॉनवरही पाडता येते. फक्त दोन लाटांमधलं अंतर बऱ्याचदा 20 ते 50 नॅनोमीटरच असतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी. आणि इथे पाणी नसतं, आयन असतात.

आयन काय करतात?
आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. निर्वात पेटीत आर्गॉन वायूचे आयन काहीशे ते काही हजार व्होल्टने वेग देऊन घन पदार्थावर सोडतात. धडकेने पृष्ठभागावरचे अणू उडतात. याला स्पटरिंग म्हणतात.

मग नक्षी का?
1962 मध्ये फ्रेंच संशोधकांना काचेवर अशा लाटा दिसल्या. कारण 1988 मध्ये ब्रॅडली आणि हार्पर यांनी मांडलं. खळग्याच्या तळाशी आजूबाजूला आदळलेल्या आयनांची ऊर्जा एकवटते, उंचवट्यावर ती विखुरते. त्यामुळे खळगे जास्त झिजतात, अजून खोल होतात. दुसरीकडे, पृष्ठभागावरचे अणू सरकत राहून खाचा बुजवतात. या दोघांच्या रस्सीखेचीतून लाटांमधलं अंतर ठरतं.

सगळा खेळ कोनाचा
या हिशोबाने सरळ माऱ्यातही पृष्ठभाग खडबडीत व्हायला हवा. पण शुद्ध सिलिकॉन सपाटच राहतं! कारण धडकेने सगळे अणू उडत नाहीत. बरेचसे नुसते बाजूला ढकलले जातात आणि सरळ माऱ्यात खळगे भरून काढतात. मारा पुरेसा तिरका झाला की लाटा उठतात.

सरळ माऱ्यात सिलिकॉनवर ठिपके उठल्याचे प्रयोगही झाले होते. नंतर कळलं, बऱ्याच ठिकाणी उपकरणातूनच उडालेले धातूचे अणू त्याला कारणीभूत होते. म्हणजे थोडीशी अशुद्धीही निकाल बदलते.

आपल्या फोनशी संबंध काय?
चिप बनवताना प्लाझ्मामधले आयन वेफरवर सरळ खाली आदळवतात, म्हणून अतिसूक्ष्म चरांच्या भिंती उभ्या कोरल्या जातात. तिथे खडबडीतपणा नको असतो. उलट भुवनेश्वरची इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्स आणि कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट इथे सिलिकॉनवर मुद्दाम अशा लाटा पाडून अभ्यास झाला आहे.

थोडक्यात, आयन पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात की नक्षीदार करतात, हे कोन आणि शुद्धता ठरवतात.